करवतीपुढचे हाजी

इथे बहरीनमध्ये, अरादला, आमच्या बिल्डिंगखालच्या खजुराला पोय फुटून फुलोरा बाहेर आला की ओल्या पिठासारखा वास गॅलरीत येतो आणि मला हाजी आठवतात.

मी कोकणातला. प्रत्येक माडाला नारळ धरतो, एवढंच मला ठाऊक. बहरीनच्या शेती प्रकल्पावर अधिकारी म्हणून आलो आणि पहिल्याच आठवड्यात मी फळ न धरणारं एक खजुराचं झाड तोडायला सांगितलं. बागेतले म्हातारे माळी, हाजी, करवतीपुढे उभे राहिले.

"मफी, नाही साहेब! हा नर आहे. याची फुलं मादी झाडांच्या फुलोऱ्यात बांधल्याशिवाय त्यांना खजूर धरत नाही."

मी ओशाळलो. त्यांनी हसून माझ्या तळहातावर पिवळा पराग झटकला.

पुढे मी प्रकल्पाचा प्रमुख झालो. चुकलो तरी माझ्या करवतीपुढे पुन्हा कुणीच उभं राहिलं नाही.