नाताळचा दोर

एडनाबाई बसत नसत. चहा फिरता फिरता पीत, जेवण ओट्याशी उभ्यानं उरकत आणि रजिस्टरही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याउभ्याच लिहीत. त्र्याहत्तर साली भंडाऱ्याकडे अड्याळजवळच्या एका खेड्यातल्या मिशनच्या लहानशा दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स म्हणून रुजू झाले. पहिल्याच दुपारी जरा स्टुलावर टेकले, तर मागून आवाज आला, "बसून काहून राहिली? बसलं का मानूस गोठते." बाहेर ऊन रणरणत होतं. गोरी बाई आणि तोंडी आमची बोली; मला आधी हसूच आलं.

गोठण्याचं कारण नाताळात कळलं. बाईंचे आजी-आजोबा अमेरिकेत छपराच्या बैलगाडीतून पश्चिमेकडे नवी जमीन कसायला गेलेले. ओसाड माळावर मातीचं घर. हिमवादळात हातभरावरचं दिसत नसे, म्हणून घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायचा आणि तो धरून गुरांना चारा घालायला जायचं. एका नाताळच्या सकाळी आजोबांच्या हातून दोर सुटला. दमून ते खाली बसले. बर्फ वितळल्यावर सापडले ते गोठ्यापासून वीस पावलांवर, बसलेलेच. तेव्हापासून त्या घरात नाताळला दोर बांधत आणि दिवसभर कुणी बसत नसे. बाईंनी तो एक दिवस वर्षभर लांबवला होता.

आमच्याकडे नाताळ म्हणजे धानाच्या मळणीचे दिवस. बाई आपल्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंत दोर ताणून बांधत. गावातली लहानथोर माणसं डोळे मिटून, तो धरून चालत आणि आम्ही वरून नव्या धानाच्या लाह्या उधळत असू. तो आमचा बर्फ. पलीकडे पोहोचलं की हातावर करंजी. "माह्या आजीचा बर्फ खाता येत नव्हता," असं म्हणत बाई स्वतः मूठभर लाह्या तोंडात टाकत. गावाला हा त्यांचा नवस वाटे. खाली सांडलेल्या लाह्यांनी खरा सण कोंबड्यांचा होई.

एका वर्षी नाताळ झाल्यावर मी दोर सोडायला गेले, तर बाई म्हणाल्या, राहू दे. संक्रांत गेली, होळी गेली, दोर तसाच. मग एका सकाळी त्या तो धरून दवाखान्यात येताना दिसल्या. या वेळी डोळे उघडे होते. 

काचबिंदू होता, गेलेली नजर परत येणारी नव्हती. हे वर मिशनला कळलं असतं तर त्यांना मायदेशी धाडलं असतं आणि त्यांना जायचं नव्हतं. तळ्याच्या पाळीजवळ आपल्या थडग्याची जागासुद्धा त्यांनी पाहून ठेवली होती. मी तोंड बंद ठेवलं. बाटल्यांवर मोठी अक्षरं चिकटवली, रजिस्टर मीच लिहू लागले, पण दिवसभर माझी नजर त्यांच्या हातांवर. घरी गेले तरी जीव थाऱ्यावर नसे.

आणि एका दुपारी तापानं फणफणलेल्या पोरासाठी त्यांनी भलतीच बाटली उचलली. सुई भरून झाली होती. मी हात धरला.  त्या संध्याकाळी मी भंडाऱ्याला मिशनच्या कचेरीला पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं.

बाईंच्या मायदेशी निघण्याच्या दिवशी एसटीत लोकांनी त्यांना खिडकीची जागा दिली. त्या दांडा धरून उभ्याच. मला कबूल करायचं होतं, पण मी त्यांची पिशवीच पुन्हा पुन्हा नीट लावत राहिले. त्यांनीच चाचपत माझा हात धरला.

"मले ठाऊक आहे, शांता. पत्र तूच लिहलं. मले सांगतलं असतं तर मी आयकलं नसतं."

गाडी हलली. मी रडत होते, आणि त्यांना ते दिसत नव्हतं म्हणून मला आणखी रडू येत होतं.

पुढच्या जानेवारीत त्यांच्या भाचीचं पत्र आलं. मजकूर आनंदाचा होता. मावशी मजेत आहे, यंदा नाताळला खूप बर्फ पडला, आणि ती दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत शांत बसून होती.

'बसून होती' एवढं वाचलं आणि मला कळलं. त्या गेल्याचं पत्र फेब्रुवारीत आलं.