सोनोग्राफी आणि जावयाचा मान

आमच्या घराण्यात सोनोग्राफीसाठी पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन गेलेला पहिला माणूस मी. दिवस माझ्या बायकोला गेले होते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नागपुरात हे मशीन तेव्हा नवंनवं होतं. शकूला पाचवा महिना होता आणि पोट मात्र सातव्याचं दिसत होतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "जुळं असेल, नाहीतर दुसरं काही. धंतोलीत मशीनवर पाहून घ्या." त्यांनी सहज म्हटलेल्या त्या 'दुसरं काही'नं आमची झोप उडाली. शकू भाजीत दोनदा मीठ घालायला लागली आणि मी हिंगण्याच्या कारखान्यात (तिथं मी फार धीराचा माणूस म्हणून ओळखला जायचो!) स्क्रू उलटे पिळायला लागलो.

तपासणीची अट एकच होती. आधी भरपूर पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. लघवीची पिशवी भरलेली असली की तिच्यामागचं बाळ नीट दिसतं म्हणे.

सासूबाई खास कन्हानहून आल्या होत्या. त्यांनी माठातलं पाणी तांब्यात काढलं, पेला भरला आणि माझ्यापुढं धरला.

"मले नाही, शकूले प्यायचं आहे," मी म्हणालो.

"हाव नं. पण जावयाले सोडून पोरीले पहिले कसं देऊ? प्या!"

घर माझं, माठ माझा, पण हुकूम सासूबाईंचा! शकूच्या प्रत्येक पेल्याआधी एक पेला मला. मी नको म्हटलं तर त्यांचा चेहरा असा पडला, की मीच घाबरून पुढचा पेला उचलला.

"प्या नं," शकू म्हणाली, "मले बी धीर येते. पण मधातच जाऊ नका बरं. तुम्ही गेले तर मी बी जाईन."

"तुह्यी तपासणी होईस्तोवर मी हलत नाही!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं. (होणाऱ्या बापाला प्रतिज्ञा करायची भारी हौस असते.)

ऑटोवाल्यानं धंतोलीपर्यंतचा एकही खड्डा सोडला नाही. दवाखान्यात पोचलो आणि लाईट गेली! मशीन बंद, पंखा बंद, कुलर बंद. कुलरच्या खालच्या बादलीत पाणी तेवढं ठिबकत होतं. टप. टप. टप. मी पायावर पाय टाकला. मग उलटा टाकला. मग उभा राहिलो.

"काहून हलून राहिले, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं. "टेन्शन आलं का? पाणी पिता का थोडं?"

मी डोळे मिटून भिंतीला टेकलो. तेवढ्यात शकू आईच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि मायलेकी मागच्या दारानं जाऊन आल्या. मला वाटलं, हवा खायला गेल्या असतील.

अखेर लाईट आली आणि आम्हाला आत घेतलं. डॉक्टरांनी शकूच्या पोटावर मशीनची दांडी फिरवली आणि थांबले.

"पिशवी तर रिकामी आहे. पाणी प्यायला सांगितलं होतं ना?"

"प्यायली ना! मी स्वतः पाह्यलं!" मी म्हणालो.

शकूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "आईच म्हणे, जाऊन ये म्हणून."

"पोट्टी तळमळून राहिली होती, डॉक्टरसाहेब," सासूबाई म्हणाल्या. "पाहवे ना मले."

(माझी तळमळ पाहवत होती!)

"पण माही भरलेली आहे!" मी ओरडलो.

डॉक्टरांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं. "मग तुम्ही झोपता का इथं?"

आम्ही पुन्हा बाहेर आलो. सासूबाईंनी दवाखान्यातल्याच माठातून पेला भरला आणि पहिला माझ्यापुढं धरला. मी तो प्यायलो! का, ते मला आजही सांगता येत नाही.

बऱ्याच वेळानं पुन्हा आत बोलावलं. पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या दिसल्या आणि मग एक मोठा काळा गोळा आला.

"डोकं!" मी म्हणालो. "केवढं मोठं! आमच्या बाबांवर गेलं."

"नजर नको लागू देऊ वं माय!" म्हणून सासूबाईंनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"ती लघवीची पिशवी आहे," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी दांडी डावीकडं नेली, उजवीकडं नेली, पुन्हा डावीकडं आणली. "हं," म्हणाले. शकूनं माझा हात घट्ट धरला.

"काय आहे हो? सांगा नं!" शकूनं विचारलं.

डॉक्टर तोंड उघडणार, आणि नेमका तेव्हाच माझा बांध फुटायला आला. मी हात सोडवला आणि धूम ठोकली.

"अवं माय, पयाले!" सासूबाईंची किंकाळी मागून आली.

संडासाचं दार लावतो न लावतो तोच त्या दारावर थापा मारायला लागल्या. बाहेर बसलेला सगळा दवाखाना ऐकत असणार.

"जावईबापू! दोन हायेत! दोघंही बरे हायेत, दुसरं काहीच नाही! ऐकून राहिले का? हात जोडा देवाले!"

मी तिथंच ढसाढसा रडलो. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. देवाला हात जोडायची फार फार इच्छा होती. पण हात मोकळे नव्हते.