मामाजी आणि झाडलेली वाळू

मी एकदा समुद्रकिनारा झाडून काढला. चेष्टा करत नाही. वय वीस, डोक्यावर पदर, हातात पुसदहून बरोबर नेलेला शिंदीचा झाडू आणि समोर अख्खा समुद्र. त्या सकाळी मी जे झाडलं तेच पाहायला माझे सासरे चारशे मैल हाडं खिळखिळी करून घेत आले होते. हे मला झाडू खाली ठेवल्यावर कळलं. नातवंडांना सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात. मीही हसते. या वयात हसूनसुद्धा दमायला होतं, पण हसते.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. हे मामाजी जंगल खात्यात गार्ड होते. उमरखेडच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठच्या रानात त्यांची तीस वर्षं गेली. माणसाचा चेहरा ते क्वचितच पाहात, पाय आधी पाहात. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सगळे झोपले असताना शेजारच्या परसात चिंचा पाडायला गेले. परत येऊन मुकाट्याने तांदूळ निवडत बसले. संध्याकाळी मामाजी अंगणातून आत आले आणि म्हणाले, "सूनबाई, डावी टाच उचलून चालून राह्यली तू. चिंचेखाली कुंपणाचे काटे लय आहेत. काढला का काटा?" मला वाटलं, हा माणूस झाडावर बसून होता की काय. काटा त्यांनीच काढला, चिंचाही दोन मागून घेतल्या.

आमचं पहिलं भांडण अंगणावरून झालं. माझ्या आईची शिकवण अशी, की सूर्याने तोंड दाखवायच्या आत अंगण झाडून सडा पडलाच पाहिजे, नाहीतर लक्ष्मी दारावरून परत जाते. मामाजींचं म्हणणं, अंगणात कोण आलं, कोण गेलं ते वाचून झाल्याशिवाय झाडू लावायचा नाही. मी त्यांच्याआधी उठायची, ते माझ्याआधी उठायला लागले. शेवटी आम्ही दोघं अंधारातच उठून एकमेकांकडे रागाने पाहात बसू लागलो. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, कंटाळून म्हणाल्या, "आधी तुमी वाचा, मंग सूनबाई झाडन. आन् मले झोपू द्या." तोच कायदा ठरला. मांजर, मुंगूस, शेजारचा बोकड, एकदा चक्क कोल्हा, असे सगळे मामाजी वाचून घेत आणि मग मान हलवत. तेव्हा कुठे मला झाडायची परवानगी.

वाचलेलं ते वहीत उतरवत. मी सातवी पास म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्यात त्यांचा एकच कडक नियम होता. एकदा मी लिहिलं, "आज अंगणात काही नव्हतं." त्यांनी वही परत केली. "'दिसलं नाही' असं लिही. नव्हतं का होतं, ते तुले काय माहीत?" मला तेव्हा हा म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा वाटला. मला त्या वयात माझ्याखेरीज सगळेच तऱ्हेवाईक वाटत.

मग त्यांचे डोळे बिघडले. यवतमाळच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. उजवा गेलाच होता, डावा फार तर वर्षभर. मामाजी घरी आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "आता नळीतून पाह्यल्यासारखं दिसून राह्यलं. नळीत मावते तेवढं पाहून घेतो." आम्हाला वाटलं, काशी म्हणतील, रामेश्वर म्हणतील. ते म्हणाले, समुद्रातली कासवीण. चांद्याला खात्याच्या ट्रेनिंगला गेले असताना कोकणातल्या एका गार्डाने त्यांना सांगितलं होतं, की समुद्रातून कासवीण वाळूवर येते, अंडी घालते, वाळूने झाकते आणि पोरांचं तोंड न पाहता परत जाते. तिचा माग बैलाच्या पाठीएवढा रुंद असतो. तीस वर्षांत मामाजींनी न वाचलेला असा हा एकच माग उरला होता. कासवीण दिसावी असा त्यांचा हट्ट नव्हता. ती रात्री येते, आणि रात्री त्यांना हातातला कंदीलही दिसत नव्हता. "जनावर दिसो ना दिसो, माग दिसला म्हणजे झालं," ते म्हणाले. "आन् आता तं राज्य बी एक झालं. आपलाच समुद्र आहे, पाहून येऊ."

आत्याबाई म्हणाल्या, "समुद्रात काय आहे? पाणीच तं आहे. घरी म्हैस कोण पाहीन?" आणि त्या म्हशीजवळ राहिल्या. आमच्या घरात अक्कल त्यांनाच जास्त होती.

निघालो आम्ही तिघं. तिसरे म्हणजे माझे यजमान. ते दिग्रसच्या एका कापसाच्या जिनात फिटर होते. त्या हंगामात मालक भावाभावांच्या भांडणात जिन बंद पडलं होतं आणि आवारात लढाईच्या वेळची एक जुनी लष्करी अॅम्ब्युलन्स गंजत उभी होती. यांनी मालकाला विचारून ती दोन महिन्यांत चालती केली. आत जखमींना झोपवायच्या दोन फळ्या होत्या. एकीवर मामाजींची गादी, दुसरीखाली माझा संसार: स्टोव्ह, पिठाचा डबा, पाण्याचं पिंप, ज्वारीचं पोतं. खिडक्यांना माझ्या जुन्या लुगड्याचे पडदे लावले. गल्लीतल्या बायका पाहायला आल्या तेव्हा मी अशी मिरवले, जणू राजवाड्यात राहायला निघाले. पहिल्या पाच मैलांत पिठाचा डबा माझ्या डोक्यावर पडला आणि मी पांढरीफेक होऊन हिंगोलीत पोचले.

त्या प्रवासाचं काय सांगू? सहा दिवस लागले. गाडी दर दहा मैलांनी उकळायची, मग ती निवेपर्यंत आम्ही रस्त्याकडेला बसायचो. मला गाडी लागायची. हे कपाळावर ग्रीस पुसत न बोलता काम करायचे. मामाजी मात्र दर मुक्कामाला सकाळी काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारायचे, वाकून, मान तिरपी करून, त्या नळीत एकेक पाऊल धरून. "ससा. घाईत होता." "तरस आलतं, सूनबाई. तुह्या भाकरीचा वास घेऊन परत गेलं. लिही." मी लिहायची. रागारागाने लिहायची. घाट उतरलो तेव्हा ब्रेक कण्हत होते आणि मी माहेरच्या देवाला नवस बोलत होते.

रत्नागिरीच्या वरच्या अंगाला एका लहान गावी, सुरूच्या झाडांखाली, वाळूवरच गाडी उभी केली. पहिले दोन दिवस मामाजी लहान मुलासारखे होते. खेकड्यांच्या नक्षीवर त्यांनी दोन पानं भरवली. खाडीच्या चिखलात पाणमांजराचं पाऊल सापडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते जन्माला घातलं. पण कासवीण येईना. चार दिवस गेले, आठ गेले. खारी हवा त्यांना मानवेना, सांधे धरले. दररोज पहाटे ते काठावर जाऊन येत आणि मी वहीत "दिसलं नाही" लिहीत असे. डाव्या डोळ्यासमोरही आता धूर यायला लागल्याचं त्यांनी यांना सांगितलं, मला नाही. यांनी ठरवलं, अकराव्या दिवशी निघायचं.

दहाव्या सकाळी मामाजी उठले नाहीत. रात्रभर ठणका होता, पहाटे कुठे डोळा लागला होता. मी म्हटलं, झोपू दे. आणि इथे माझी हुशारी सुरू झाली. आदल्या दिवशी पाणी भरताना गावातल्या एका बाईने मला विचारलं होतं, "तुमच्याकडे दारापुढे झाडायची पद्धत नाही काय गो?" विचारलं साधंच, पण ते माझ्या जिव्हारी लागलं. वऱ्हाडच्या बायका म्हणजे गबाळ्या, असं कोकणात पसरलं तर? मी झाडू काढला. गाडीपासून खाली ओल्या वाळूपर्यंत कोणीतरी काहीतरी ओढत नेल्यासारखं दिसत होतं. मधे फरफटल्यासारखा पट्टा, दोन्ही बाजूंनी वल्ह्याने मारल्यासारखे तिरपे फटकारे. वर येऊन, वळून, परत खाली गेलेलं. मी म्हटलं, कोण्या मेल्याने माझ्या दारातून ओंडका ओढला. आणि अगदी मन लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते साफ केलं. मग शेणाचा सडा घातला. वाळूने तो पिऊन टाकला. मग तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली. ती खेकड्यांनी नेली.

मी कमरेवर हात ठेवून माझं अंगण पाहात होते तेवढ्यात कोळ्यांची एक म्हातारी हातात टोपली घेऊन आली.

"कासवीण आली होती गो तुझ्या दारात," ती म्हणाली. "माझ्या लेकाने पाण्यात शिरताना बघितली. अंडी काढायला आले, तर माग कुठे गेला?"

मी झाडू पाठीमागे लपवला. तिने वाळूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "काय बाई ही माणसं," असं पुटपुटत निघून गेली.

निदान अंडी वाचली, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. मनाला पटलं नाही. मामाजी उठले, काठी टेकत बाहेर आले, गाडीभोवती हळूहळू फिरले, एका सुरूपाशी जरा जास्त वेळ वाकून उभे राहिले. मी भाकरी थापत होते. वर पाहायची हिंमत नव्हती. ते येऊन फळीवर बसले. मी विचारलं, "काय लिहू?" ते म्हणाले, "तूच लिही." मी लिहिलं, "आज काही नव्हतं." घाबरलेल्या माणसाचं अक्षर फार सुवाच्य येतं.

परतीच्या वाटेवर ते बोलले नाहीत. गाडीभोवतीची फेरीही बंद. यांना वाटलं, डोळ्याचं दुःख आहे. मीही तेच धरून बसले, सोयीचं होतं. घरी आल्यावरही आठवडाभर माझ्याशी हूं की चूं नाही. मग एका सकाळी त्यांनी आपणहून विचारलं, "अंगणात कोण आलतं?" आणि वहीचं काम परत सुरू झालं. पुढच्या पोळ्याला बैल दारात आले तेव्हा त्यांना फक्त घुंगरं ऐकू आली.

त्यानंतर रोज पहाटे मीच अंगण वाचायची आणि त्यांना सांगायची. सुरुवातीला काहीही ठोकून द्यायची. ते विचारत, "किती बोटं? नखं उमटली का? मागचं पाऊल पुढच्यावर पडलं का बाजूले?" मग परत जाऊन वाकून पाहावं लागे. असं वाकता वाकता मला मुंगूस आणि मांजर वेगळं कळायला लागलं, धाकटा दीर चोरून विडी ओढायला परसात जातो हे कळलं, आणि मामाजी तीस वर्षं काय करत होते तेही थोडं कळलं. कोणी पाहुणा विचारी, "समुद्रावर काय पाह्यलं, बुवा?" तेव्हा ते म्हणत, "खेकडे. लय गर्दी होती." मी तिथून उठून आत जायची.

तीन वर्षं मी अशी आत जात राहिले. मग एका दुपारी ते अंथरुणालाच खिळलेले असताना म्हणाले, "सूनबाई, कोकणची पानं वाचून दाखव." मी वाचलं. ससा, तरस, खेकडे, पाणमांजर. "दिसलं नाही, दिसलं नाही, दिसलं नाही." मग दहाव्या दिवसाचं पान आलं. माझंच अक्षर, किती सुंदर. मी वही मिटली आणि सगळं सांगून टाकलं. बाई काय बोलली, मी काय झाडलं, म्हातारी, टोपली, सगळं.

ते छताकडे तोंड करून ऐकत होते. मग म्हणाले, "झाडूचा फटका मले वाचता येत नाही का? वर, सुरूच्या मुळाशी, तिचा माग वीतभर राह्यला होता. तिथवर तुहा झाडू पोचला नव्हता. तेवढं पाह्यलं मी."

"मंग बोलले काहून नाही?" मी रडत विचारलं. "दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या, मामाजी."

त्यांनी माझा हात चाचपून घेतला. त्यांचा हात फार हलका झाला होता.

"राग आलता मले, खोटं कायले बोलू? पंधरा दिवस धरला. मंग त्याचंही वझं होऊन राह्यलं, खाली ठेवून देल्ला. आता तूही ठेव, आन् चहा मांड."