मागची रांग

दुबईत जबल अलीतल्या आमच्या गोदामाचे अमेरिकन मॅनेजर प्रत्येक वाक्य 'खलास'ने संपवत. त्यांचं छोटं शहर रेल्वेने वसवलेलं. "रूळ आले, वर्कशॉप आलं, शहर झालं, खलास!" त्यांच्या टेबलावर तिथे पहिली गाडी आली त्या दिवसाचा फोटो होता. खुर्च्यांवरच्या पाच साहेबांची नावं छापलेली. मागच्या रांगेला नुसतं 'मजूर'. "त्यात माझे आजोबा आहेत. रूळ त्यांनी टाकले, आणि नाव नाही!" हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी चढे. ऐकून मलाही संताप येई.

नव्या गोदामाच्या उद्घाटनाला आमचाही फोटो निघाला. गुहागरचा मुकादम म्हणाला, "साहेब, घरी पाठवायचाय. नाव येईल ना?"

"येईल," मी म्हणालो आणि फोटोतल्या एकोणतीस जणांच्या नावांची यादी मॅनेजरना दिली.

फोटो छापून आला. खाली पाच साहेबांची नावं आणि 'कामगार'.

"सर, चोवीस नावं राहिली."

"जागा नाही, हबीबी. खलास."

मी आमचा फोटो त्यांच्या फोटोशेजारी ठेवला. त्यांनी दोन्ही नीट पाहिले. मग रुमाल काढून आजोबांच्या फोटोच्या काचेवरची धूळ पुसली.