चार ताऱ्यांचा मदतनीस

माझ्या वयाची माणसं संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून मोबाईलला शिव्या घालतात. मोबाईलनं पोरं बिघडली, मोबाईलनं डोळे गेले, मोबाईलनं घरातली माणसं बोलेनाशी झाली. एवढं बोलून झालं की खिशातून तोच मोबाईल काढतात आणि शेजारी बसलेल्यालाच गुलाबाच्या फोटोवर लिहिलेलं 'शुभ संध्या' पाठवतात. मी त्या बाकावर बसत नाही. मला मोबाईल आवडतो. वायफाय आवडतं, ब्लूटूथ आवडतं, घरभर केर काढत फिरणारं ते चपटं यंत्र आवडतं. देवाला दिला नसेल एवढा वेळ मी चार्जरला दिलाय, आणि चार्जरनं निदान चार्ज तरी केलं.

मी चौथी शिकलोय. चौथीत मास्तरांनी पास केलं ते मी परत त्यांच्या वर्गात येऊ नये म्हणून. पुढं निपाणीकडून बेंगळुरूला आलो, बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिलो, आणि बहुतेक आयुष्य उभ्यानंच गेलं. कॉम्प्युटरवर चालणारी पहिली मशीन आली तेव्हा डिप्लोमावाले तिच्यापुढं नवस बोलल्यासारखे उभे. ती एक दिवस बंद पडली. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार होता. मी पॅनेल उघडलं. साहेब ओरडला, "अण्णा, वॉरंटी जाईल!" म्हटलं, जाऊ दे की, मशीन तर चालेल. एक वायर सैल होती. चालली. साहेबानं पाठ थोपटली आणि मेमोही दिला, दोन्ही एकाच दिवशी. तेव्हापासून माझं एक मत पक्कं आहे. ज्या वस्तूचं झाकण तुम्हाला उघडता येत नाही ती वस्तू तुमची नाही. तुम्ही तिचे राखणदार.

रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले. लेथ काही घरी आणता येत नाही. मोबाईल येतो. कन्नड व्हिडिओ बघून मी फोन फ्लॅश करायला शिकलो, म्हणजे फोनमधली कंपनीची सगळी सिस्टिम पुसायची आणि दुसरी, आपल्याला पाहिजे ती, घालायची. जमलं तर म्हातारा फोन तरण्यासारखा पळतो. नाही जमलं तर त्याची वीट होते, नुसता मुका ठोकळा. माझ्या फोनची आठवड्यातून एकदा वीट होते आणि दोन दिवसांत मी तिला परत फोन करतो. याला बाकावरचे लोक वेड म्हणतात. त्यांनी खुशाल म्हणावं. त्यांच्या फोनमध्ये जे ॲप आहे ते का आहे हे त्यांना माहीत नाही. माझ्या फोनमध्ये जे आहे ते मी घातलंय.

बायको गेली आणि मुलगा मला मारतहळ्ळीला त्याच्या फ्लॅटवर घेऊन आला. मुलगा आयटीत, सूनही आयटीत. सून नागपूरची, नात दुसरीत. माझ्याकडं काम एकच. साडेतीनला शाळेची बस गेटबाहेर येते, नातीला उतरवून घ्यायचं. बाकी वेळ माझा आणि माझ्या स्क्रू ड्रायव्हरचा.

सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र आहे. मी समोर उभा राहिलो की हिरवा दिवा लागतो, दांडा वर जातो. बाकी फ्लॅटवाले मात्र गेटवर फोन काढणार, ॲप उघडणार, कोड दाखवणार. नेट नसलं की हात वर करून गोल फिरणार. माझ्या मुलाला पावसात लॅपटॉप डोक्यावर धरून कोड शोधताना मी दोनदा बघितलंय. मी मात्र तोंड दाखवायचं आणि आत. मला वाटायचं, वयाचा मान ठेवलाय. एकदोघांना तसं सांगितलंही.

एके दिवशी सातव्या मजल्यावरच्या एका कन्नड बाईंनी लिफ्टमध्ये गाठलं. "अंकल, स्वल्प बरतीरा? जरा येता का? मिक्सर बंद आहे." म्हटलं, सरी. गेलो. कार्बन ब्रश झिजला होता, घरातून एक जुना आणून घासून बसवला. बाई पैसे द्यायला लागल्या. मी हात मागं घेतला. म्हटलं, शेजाऱ्याकडनं कसले पैसे घेता येतात? बाई गोंधळल्या. मग म्हणाल्या, "बरं, मग पाच स्टार देते."

"कसले स्टार?"

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. सोसायटीचं ॲप. त्यात माझा फोटो. वर पाटी: घरगुती मदतनीस. कामाचा प्रकार: इतर. या महिन्यातली हजेरी: रोज. खाली फ्लॅटचा नंबर, आमचाच. आणि चार तारे. कुणीतरी एकानं लिहिलंही होतं, 'वेळेवर येतात, पण फार बोलतात.'

यादीत माझ्या वर स्वयंपाकाची अक्का होती, खाली गाड्या धुणारा. दोघांनाही मी ओळखतो, भली माणसं आहेत, त्यांच्या रांगेत बसायला मला लाज नाही. मीही आयुष्यभर दुसऱ्याच्या मशीनवर राबलोय. पण त्यांना विचारलं तर ते सांगतील की ते इथं कामाला येतात. मला वाटत होतं मी इथं राहतो.

बाईंनी पाचवा तारा दाबला नाही. माझं तोंड बघून फोनच बंद केला.

त्या दिवशी जेवताना मी विषय काढला. "ॲपमध्ये मी कोण आहे?"

मुलगा हसला. "बाबा, ते नुसतं ॲपमध्ये आहे हो."

"मग नुसतं ॲपमध्ये तू हो मदतनीस. मी होतो मालक."

"तसं नसतं ते. कॅटेगरी असते."

"कॅटेगरी मला शिकवू नकोस. यंत्राला काही कळत नाही, फॉर्म भरणाऱ्याला कळतं. फॉर्म कुणी भरला?"

सून म्हणाली, "मी भरला. बाबा, त्याला कारण होतं, मी सांगते..." तेवढ्यात मुलाच्या फोनवर ऑफिसची मीटिंग सुरू झाली, दोघंही आवाज बारीक करून उठले, आणि माझी कॅटेगरी आमटीबरोबर गार झाली. "उद्या बोलू," म्हणाले. आयटीतला उद्या मी ओळखतो. आठ दिवस आला नाही.

मीही परत विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मागायचं. बापानं घरात जागा मागायची ती काय ॲपकडं? पण रोज गेटवर हिरवा दिवा लागला की आतून काहीतरी टोचायचं. आधी मान वाटायचा तो, आता हजेरी वाटायची.

मग मला ते बटण दिसलं. गेटवरच्या गार्डकडं एक टॅब असतो. त्यात मदतनीसांच्या नावापुढं 'रजा' असं बटण. अक्का गावाला जाते तेव्हा गार्ड ते दाबतो आणि ज्या ज्या घरी ती काम करते तिथं निरोप जातो. मी सकाळी गार्डला म्हटलं, "माझी आजची रजा टाक."

ओडिशाचा आहे तो. हसायला लागला. "अंकल, आपको छुट्टी? आप तो घरवाले हो."

"तुझा टॅब काय म्हणतो ते बघ आणि टाक."

त्यानं बघितलं. हसणं थांबलं. कारण काय लिहू, म्हणाला. म्हटलं, लिही, घरी काम आहे.

रजा टाकून मी वर आलो आणि फोन फ्लॅश करायला घेतला. त्या दिवशी नेमकी वीट झाली. दुपारी साडेतीनला मी नेहमीप्रमाणं गेटबाहेर उभा. नातीला न्यायला मी रजेवर असेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. रजा मदतनीसाची होती, आजोबाची नव्हती. हा फरक माझ्या डोक्यात इतका स्पष्ट होता की दुसऱ्याच्या डोक्यात तो नसेल हे सुचलंच नाही. बस आली, नात उतरली, आम्ही गाड्यावरून चुरमुरी, म्हणजे इथली भेळ, घेतली आणि झाडाखालच्या कट्ट्यावर बसून खात होतो.

एक रिक्षा कचकन थांबली. सून उतरली. गळ्यात ऑफिसचं कार्ड, केस विस्कटलेले, एका हातात फोन. आम्हाला बघून ती रस्त्यातच उभी राहिली. मागून बाईकवाल्यानं हॉर्न मारला तरी हलेना. मग आली.

"बाबा! काय करून राहिले तुम्ही? फोन का बंद आहे?"

"वीट झालीय सकाळी."

"आणि ही रजा?"

"मदतनीस रजेवर आहे. आजोबा आलेत."

ती कट्ट्यावर बसली.  "रजेचा निरोप मी तीनला बघितला, मग वीस फोन केले. मला वाटलं ही रस्त्यावर एकटी उभी असेल. मीटिंगमधून काही न सांगता उठून आले मी."

"मी एवढा हलकट वाटलो तुला? पोरीला रस्त्यावर सोडीन?"

"आणि मी वाटले ना तुम्हाला एवढी हलकट? सासऱ्याला गड्यांत बसवणारी?"

 मी चुरमुरीचा कोन पुढं केला. तिनं घेतला नाही. नातीनं घेतला.

मग ती सांगायला लागली. मी नवीन राहायला आलो त्या महिन्यात एकदा माझ्या फोनची वीट झाली होती आणि गेटवरच्या नव्या गार्डनं मला आत सोडलं नव्हतं. दोन तास मी उन्हात त्याच्या स्टुलावर बसलो, बसल्या बसल्या त्याचा बंद पडलेला पंखा दुरुस्त केला. हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? गार्डनंच सुनेला सांगितलं, पंख्याचं कौतुक म्हणून.

"त्याच दिवशी मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. घरच्या माणसांना ॲपवरूनच आत यायचं असा नियम. तुमच्या फोनवर ते ॲप चालत नाही, फोन सुरक्षित नाही म्हणतं, कारण तुम्ही त्याची सगळी सिस्टिम उपटून ठेवता. चेहऱ्याचं यंत्र फक्त कामवाल्यांसाठी. मी दोनदा भांडले, वयस्कर माणसांना द्या म्हणून. नाही म्हणाले. मग मी हे केलं. तुम्ही परत उन्हात बसू नये म्हणून केलं."

"मला सांगायचंस."

"तुम्ही मला उन्हात बसल्याचं सांगितलं होतं?"

बोलायला नागपूरची आहे ती. 

"घरी एक नवीन फोन पडलाय," ती जरा नरमाईनं म्हणाली. "ॲप घालून देते. आजच तुम्हाला घरच्यांत टाकते. पण एक अट. त्याला हात लावायचा नाही. उघडायचा नाही, फ्लॅश करायचा नाही. जसा आहे तसा खिशात ठेवायचा."

मी विचार केला. खरंच केला. हवं होतं ते समोर होतं. घरच्या माणसांच्या यादीत फोटो, मुलाच्या खाली, नातीच्या वर. त्यासाठी बंद झाकणाचा एक डबा खिशात घेऊन फिरायचं, तो म्हणेल तेव्हा अपडेट करायचा, तो म्हणेल तिथं बोट लावायचं. त्या कारखान्यात साहेबाची मशीन मी उघडली आणि आता स्वतःचा फोन उघडायला सुनेची परवानगी. घरचं होण्यासाठी राखणदार व्हायचं.

नात तोंडातली चुरमुरी संपवत म्हणाली, "आई, आजोबा दोन दिवसांत उघडतील."

"एका दिवसात," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "फोन नको. चेहराच राहू दे. यंत्र चांगलं आहे, नियम गाढवाचा आहे. त्या यादीत राहायला माझी ना नाही. पण मी तिथं काय काम करतो ते तरी खरं लिही. 'इतर' म्हणजे काय? इतर म्हणजे कचऱ्याचा डबा."

तिनं ॲप उघडलं. 'इतर'च्या पुढं काम लिहायला रिकामी जागा होती, तिनं तेव्हा तशीच सोडलेली. "सांगा, काय लिहू?"

"मालकाचा बाप."

तिचा अंगठा थांबला. "फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, बाबा. मी पण मालक आहे."

"मग दोन्ही मालकांचा बाप लिही. त्यात काय?"

मी ते तोंडाला आलं तसं बोललो, भांडणाच्याच सुरात. पण तिनं ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. मग इंग्रजीत टाइप केलं. मला दाखवलं नाही. दाखवलं असतं तरी मला स्पेलिंग थोडंच कळलं असतं.

"आणि ते चार तारे कुणी दिले?"

"मी. ॲप रोज विचारायचं, एकदा अंगठा लागला."

"मग पाचवा लाव."

"नाही. आज न सांगता रजा घेतली, त्याचा एक कापला."

आम्ही तिघं गेटवर आलो. सून फोन काढून कोड शोधत बसली. मी यंत्रापुढं तोंड धरलं, हिरवा दिवा, दांडा वर, नातीचा हात धरून आत. गार्डनं टॅबवर बघितलं, परत बघितलं, आणि तो उठून उभा राहिला. सून अजून बाहेर कोडच शोधत होती. तिचा फोन वाजला. मुलगा होता, ऑफिसातून. तिनं स्पीकरवर टाकला.

"अगं, ॲपवरून हा काय मेसेज आलाय? दोन्ही मालकांचे वडील आत आले?"

"वडील नाही, बाप सांगितलं होतं मी!" मी दांड्याच्या आतून ओरडलो. "आणि आत आलोय. तू कधी येतोस ते सांग, येताना भाजी आण."