तीन अनोळखी परीक्षक

हेमा रंगारीला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा घेऊन ती भंडाऱ्याहून पुण्यात आली आणि स्वारगेटजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. रक्त काढायचं, नमुने मशीनला लावायचे, आकडे रिपोर्टात उतरवायचे. बारा वर्षं हेच. या आकड्यांमागे काय चाललंय, हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि तेच तिला कुरतडायचं.

२०१४ साली तिला कळलं, परदेशी विद्यापीठांच्या वर्गांना आता इंटरनेटवर फुकट बसता येतं. तिने एका आठवड्यात पाच कोर्सना नाव नोंदवलं. चार सुटले. प्राध्यापक भरभर इंग्रजी बोलायचे, व्हिडिओ मध्येच अडकायचा, आणि वर्गात चाळीस हजार जण असूनही अडलं तर विचारायला शेजारी कुणी नसायचं. पाचवा संख्याशास्त्राचा. तो मात्र तिने सोडला नाही. पहाटे उठून एकेक वाक्य तीनतीनदा ऐकायची आणि वहीत मराठीत मांडायची.

तिथे एकमेकांचे प्रकल्प विद्यार्थीच तपासत. तिचा पहिला तपासला तीन अनोळखी माणसांनी. एकाने शून्य दिलं आणि शेरा मारला, इंग्रजी इतकं कच्चं की वाचवत नाही. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या खेपेला तपासायची पाळी तिची. एकाचं इंग्रजी तिच्याहून मोडकं होतं. समजत नाही, असं लिहायला तिने सुरुवातही केली. मग थांबली, पुन्हा वाचलं. आकडेमोड चोख होती. तिने पूर्ण गुण दिले.

कोर्स पुरा झाला. प्रमाणपत्र घेऊन ती लॅबचे मालक डॉक्टर केतकर यांच्याकडे गेली.

"छान. फ्रेम करून घ्या," ते म्हणाले. "पण सीनियरच्या जागेला डिग्री लागते, आपल्याला ठाऊक असेलच."

 हेमाने साखर तपासणाऱ्या मशीनवर रोज सकाळी एकाच ठरावीक नमुन्याची जी चाचणी होते, तिचे दोन महिन्यांचे आकडे काढले आणि आलेख मांडला. स्थिर राहायला हवा तो आकडा रोज किंचित, पण नेमाने वर सरकत होता. कागद तिने डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी तो पाहून मशीनच्या इंजिनियरला फोन लावला. त्या आठवड्यातल्या रुग्णांना परत बोलावून पुन्हा तपासलं.

तरी सीनियरची जागा मिळाली नुकत्याच पदवीधर झालेल्या शुभंकरला. पहिल्याच दिवशी तो वही घेऊन तिच्याकडे आला. "मॅडम, तो आलेख मला शिकवाल?"

तिने शिकवला, मराठीत. राग शुभंकरवर नव्हता. कुणावर होता, ते तिला सांगता आलं नसतं.

जूनमध्ये ती मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर गेली. पदवीसाठी ऑनलाइन कोर्स धरतात का, विचारलं. कारकुनाने मान न उचलता नाही म्हटलं. हेमाने पदवीच्या पहिल्या वर्षाचा फॉर्म मागितला आणि तिथेच उभ्याउभ्या भरायला घेतला.