समाधानचा नमुना

थंडी चांगलीच बोचत होती. अमळनेरजवळच्या शेतात दिपमाला वडिलांबरोबर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होती. जळगावच्या एका प्रयोगशाळेत ती प्लास्टिकच्या रेणूंचे आकार तपासते. यंत्रात रेणू वायूतून धावतात. गुंडाळलेला रेणू लवकर पोहोचतो, पसरलेला अडत अडत मागून येतो. मागच्या महिन्यात वजन सारखं असूनही काही रेणू उशिरा आले, तेव्हा तिथल्याच समाधान नावाच्या सहकाऱ्यानं बनवलेल्या नमुन्यात भेसळ आहे, असं ती सगळ्यांसमोर बोलून गेली. त्यानंतर समाधान तिच्या टेबलाशी आलाच नाही. काल तिनं तेच उशिराचे रेणू वेगळे काढून, तापवून पुन्हा सोडले, तर उष्णतेनं ते गुंडाळले गेले आणि बाकीच्यांच्या वेळेलाच पोहोचले. पदार्थ एकच होता, काही रेणू नुसते पसरलेले होते.

"आबा, मी त्याला खोटं ठरवलं."

"मंग माले काय सांगस? त्याले सांग. चार लोकेसना समोर बोलनी ना तू? तठेच सांग."

तिनं तिथूनच फोन लावला. "समाधान, सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुझा नमुना चोख होता. चूक माझी."

मग "बरं, ताई," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

आबांनी पुढच्या नळीचं टोक तिच्या हातात दिलं. ती गुंडाळू लागली.